औषधाची आणेवारी : औषधचाचणीतील संख्याशास्त्रज्ञ आणि त्याची वृत्ती

नव्या दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. तांब्यांच्या घरात जन्मलेल्या झाशीच्या राणीचे नाव तिला मिळाले आहे. पण दिल्लीत नव्याने आलेल्या मनुष्यास या भागाची ओळख होते ती बहुधा आजारपणाच्या निमित्ताने. वसाहतीच्या दक्षिणेस रिंग रोड ओलांडला की एका बाजूस सफदरजंग रुग्णालय आणि दुसऱ्या बाजूस, अन्सारी नगरात, १९५६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था लागते. तिच्याच शेजारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे मुख्यालय आहे. रुग्ण, नातेवाईक, रिक्षा आणि औषधांची दुकाने यांच्या या गर्दीत आकडेवारीचे काम करणारी एक संस्था आहे, याची दखल सहसा कोणी घेत नाही. परिषदेने १९७७ मध्ये वैद्यकीय संख्याशास्त्राच्या संशोधनासाठी अन्सारी नगरात ही संस्था काढली. पुढे ती राष्ट्रीय आयुर्विज्ञान सांख्यिकी संस्था झाली. अलीकडे तिच्या नावात ‘डिजिटल आरोग्य’ आणि ‘विदाविज्ञान’ या अर्थाचे शब्द आले आणि ‘सांख्यिकी’ हा शब्द गळून पडला. नावातून शब्द गेला तरी काम गेलेले नाही. परंतु ते काम नेमके कोणते, याविषयी सुशिक्षित वाचकवर्गातही पुष्कळ गैरसमज आहेत.

या संस्थेकडे २००७ च्या जुलैपासून भारतातील औषधचाचण्यांची नोंदवही आहे. १५ जून २००९ पासून अशी नोंद करणे औषध नियंत्रकांनी सक्तीचे केले. नवे औषध, लस अथवा उपचारपद्धती माणसांवर तपासून पाहण्यापूर्वी संशोधकाने कोणत्या रुग्णांना घेणार, किती जणांना घेणार, कोणास कोणता उपचार हे कसे ठरविणार, आणि यश कशाला म्हणणार, हे या नोंदवहीत लिहून द्यावयाचे असते. नोंद कोणालाही वाचता येते. वाङ्मयाच्या अभ्यासकास तिचे महत्त्व एका वाक्यात सांगावयाचे तर असे म्हणता येईल, की कथेचा शेवट ठाऊक होण्यापूर्वी कथेचा अर्थ कसा लावावयाचा हे येथे लिहून घेतले जाते. या लेखनाची जबाबदारी ज्याच्यावर मुख्यत्वे पडते तो संख्याशास्त्रज्ञ होय.

अशा लेखी बंधनाची गरज का पडावी, हे मराठीतील दोन शब्दांवरून चटकन लक्षात येते. पहिला शब्द ‘हातगुण’. एखाद्या वैद्याच्या औषधाने ‘गुण येतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो गुण औषधाचा, की वैद्याच्या धीर देणाऱ्या बोलण्याचा, की आपोआप ओसरणाऱ्या दुखण्याचा, याचा निवाडा त्या शब्दात नसतो. दुसरा शब्द ‘आणेवारी’. उभ्या पिकाकडे पाहून सोळा आण्यांत यंदा किती आणे पीक येईल याचा अंदाज महसुली अधिकारी बांधीत. आज तिला पैसेवारी म्हणतात. अनुभवी नजरेचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो, पण सारामाफीसारखी व्यवहाराची गोष्ट त्यावर अवलंबून असल्यामुळे पाहणाऱ्याच्या मनाचा कल त्यात नकळत उतरतो. औषधाच्या गुणाविषयी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाजवळ जे होते, ते बहुतांशी अशा आणेवारीच्याच स्वरूपाचे होते.

पिकांच्या बाबतीत नजरेची जागा मोजणीने घेतली, तिच्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले, तेथे १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली, आणि १९४० च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी संख्याशास्त्राची शाखा उभी केली. त्यांनी व वि. गो. पानसे यांनी पीककापणीच्या प्रयोगांची जी पद्धत रूढ केली, तिचे मर्म एकच होते : कोणत्या शेताचा कोणता तुकडा कापावयाचा हे अधिकाऱ्याने ठरवावयाचे नाही, ते यदृच्छेने ठरावयाचे. या दोघांनी शेतकी संशोधकांसाठी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि देशातील अनेक पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. यदृच्छेचे हे तत्त्व रॉनल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या शेतांवर मांडले होते. रुग्णशय्येपर्यंत ते पुढे पोहोचले. औषधसंशोधनातील संख्याशास्त्राचा हा शेतकी उगम सहसा विसरला जातो. ते अकारण आहे, कारण त्या शास्त्राची अर्धी परिभाषा आजही शेतातलीच आहे.

उपचारांची तुलना करण्याची निकड मात्र मुंबईला त्याही आधी भासली होती. १८९६ मध्ये प्लेग आल्यावर वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली व १८९७ च्या जानेवारीत भायखळ्याच्या तुरुंगात ती टोचली. तेथे जे कैदी पुढे आले त्यांना टोचण्यात आले. लस न घेतलेल्यांत प्लेग अधिक झाला. तथापि स्वेच्छेने पुढे येणारा मनुष्य आणि मागे राहणारा मनुष्य यांच्यात प्रकृतीचा, स्वभावाचा, कोठडीचाही फरक असू शकतो, ही शंका उरते. पुढल्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेने बसवून एकाआड एक टोचण्यात आले. पहिल्या प्रसंगाहून दुसरा अधिक विश्वसनीय का, हे ज्याला समजले त्याला या वृत्तीचे निम्मे मर्म समजले. कैद्यांची संमती हा प्रश्न तेव्हा कोणाला फारसा पडला नव्हता, हेही येथे नोंदविले पाहिजे.

या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रिटनमध्ये १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनच्या क्षयावरील चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने रुग्णांची वाटणी मोहोरबंद पाकिटांतून केली होती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. भारतात मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५९ मध्ये १९३ रुग्णांची एक तुलना प्रसिद्ध केली : निम्म्यांना आरोग्यधामात ठेवून उपचार, निम्म्यांना त्यांच्या गरीब वस्तीतील घरीच. घरचे उपचार कमी पडले नाहीत, आणि घरातील इतर माणसांना संसर्गाचा धोकाही वाढला नाही. आरोग्यधामे बांधण्यापुरता पैसा नसलेल्या देशांना या निष्कर्षाने केवढा दिलासा दिला असेल याची कल्पना करता येते. पुढे थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर अमेरिकेने १९६२ मध्ये कायदा करून औषधाची परिणामकारकता नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध करण्याची अट घातली. तेव्हापासून औषधकंपन्यांना संख्याशास्त्रज्ञ पदरी बाळगणे भाग पडले.

हा मनुष्य करतो काय? सर्वसाधारण समज असा, की चाचणी संपल्यावर आकड्यांचा ढीग त्याच्यापुढे ओतला जातो व तो त्यातून निष्कर्ष काढतो. वस्तुतः त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग पहिला रुग्ण येण्यापूर्वीच उरकलेला असतो. उदाहरणार्थ, किती रुग्ण घ्यावयाचे? जुन्या औषधाने शंभरात ६० बरे होतात आणि नव्याने ७० होतील अशी अपेक्षा आहे, असे समजू. हा फरक खरा असल्यास तो शंभरात ८० वेळा हाती लागावा, आणि नसलेला फरक आहे असे शंभरात पाचाहून अधिक वेळा वाटू नये, अशी रूढ अट घातली, तर प्रत्येक गटात साडेतीनशेहून थोडे अधिक रुग्ण लागतात. अपेक्षा ७० ऐवजी ६५ ची असेल, तर ही संख्या प्रत्येक गटात दीड हजाराच्या घरात जाते. फरक निम्मा झाला की रुग्ण चौपट लागतात, हा हिशेब कंपनीच्या अर्थव्यवस्थापकास अप्रिय असतो. आणि थोड्या रुग्णांत काम भागवावे म्हणून अपेक्षा फुगविण्याचा मोह येथेच होतो. अपुऱ्या संख्येची चाचणी ही केवळ शास्त्रीय उणीव नव्हे. जिच्यातून काही निष्पन्न होण्याची शक्यताच नव्हती अशा कामासाठी माणसांनी आपले शरीर दिले, असा तिचा अर्थ होतो.

दुसरे काम म्हणजे पृथक्करणाचा आराखडा लिहिणे. कोणत्या तक्त्यात काय येणार, कोणता परिणाम मुख्य व कोणते दुय्यम, हे सारे निकाल उघडण्यापूर्वी कागदावर येते. याचे कारण साधे आहे. मुळीच गुण नसलेल्या औषधाचा वीस निरनिराळ्या, परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टींवर परिणाम तपासला, तर त्यांतील निदान एका बाबतीत केवळ योगायोगाने ‘गुण’ दिसण्याची शक्यता शंभरात ६४ असते. मग त्या एकाच गोष्टीविषयी निबंध लिहिणे अवघड नसते. पूर्वलिखित आराखडा हा या मोहावरचा बांध आहे.

अंकांचे वाचन किती जपून करावे लागते याचे उत्तम उदाहरण अन्सारी नगरातच सुरू झालेले आहे. रोटाव्हायरस या विषाणूमुळे तान्ह्या मुलांना होणाऱ्या अतिसारावरील लशीसाठी वापरलेला ११६ ई हा विषाणू १९८० च्या दशकाच्या मध्यास आयुर्विज्ञान संस्थेतील नवजात बालकांत महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. त्यापासून तयार झालेल्या लशीची मोठी चाचणी २०११ पासून दिल्ली, पुणे जिल्ह्यातील वढू आणि वेल्लोर या तीन ठिकाणी ६,७९९ बालकांवर झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तीव्र अतिसाराच्या घटना लसीच्या गटात ७१ व दुसऱ्या गटात ७६ होत्या. घाईने वाचणारा म्हणेल, फरक तो काय? परंतु लसीच्या गटात मुद्दाम दुप्पट बालके घेतली होती. प्रत्येक बालक जितका काळ निरीक्षणाखाली होते तो काळ मिळवून त्याला ‘बालकवर्षे’ म्हटले, तर पहिल्या गटात ४,७५२ आणि दुसऱ्यात २,३६० बालकवर्षे भरतात. शंभर बालकवर्षांमागे घटनांचे प्रमाण पहिल्यात सुमारे दीड, दुसऱ्यात सव्वातीनच्या जवळ. म्हणजे लशीने अर्ध्याहून थोड्या अधिक, नेमके सांगावयाचे तर ५३.६ टक्के घटना टाळल्या. संख्याशास्त्रज्ञ याही आकड्यावर थांबत नाही. खरे मूल्य ३५ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकेल, अशी मर्यादा तो सोबत जोडतो. ही जोड वृत्तपत्रांत हटकून गळते. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात आली.

या चाचणीची दुसरी बाजू तितकीच बोधक आहे. आतड्यात आतडे अडकण्याचा एक विरळ विकार अशा लशींमुळे क्वचित संभवतो. त्या दृष्टीने वेल्लोर केंद्राचे आकडे वेगळे जाहीर करावेत अशी मागणी पुढे झाली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. एका केंद्रातील मोजक्या घटनांवरून निष्कर्ष काढणे फसवे, हा एक पक्ष. जनतेच्या पैशाने व जनतेच्या मुलांवर झालेल्या चाचणीचे आकडे जनतेला का दिसू नयेत, हा दुसरा. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. आकडे झाकल्याने ते कमी फसवे होतात असे मात्र म्हणता येणार नाही. येथे गणित एवढेच सांगू शकते, की साडेचार हजार मुलांना औषध देऊन एकदाही विकार आढळला नाही, तरी दीड हजारांत एक एवढा धोका नाकारता येत नाही. विरळ अपायाचा शोध चाचणीनंतरच्या दीर्घ नोंदींतूनच लागतो, आणि त्या नोंदींवर देखरेख ठेवणे हेही या वृत्तीचे एक क्षेत्र आहे. आपल्याकडे ते अजून उपेक्षित आहे.

शेताचा तुकडा मध्येच उठून जात नाही, रुग्ण जातो. कोणाला गोळीने मळमळते, कोणाची मजुरी बुडते, कोणी गावी निघून जातो. अशांना हिशेबातून वगळले तर औषध सोसणारेच तेवढे मागे उरतात आणि औषध आहे त्याहून चांगले दिसते. म्हणून ज्याला ज्या गटात नेमले त्याला, त्याने उपचार पुरा केलेला असो वा नसो, त्याच गटात मोजावयाचे असा दंडक आहे. निघून गेलेल्या माणसाची गैरहजेरीही काही सांगत असते.

भारतात या कामाला मोठी मागणी आली ती २००५ नंतर. त्या वर्षी औषधविषयक नियमांत बदल होऊन परदेशांबरोबरच येथेही चाचण्या करण्याची मुभा मिळाली. मुंबई, पुणे, बंगलोर, हैदराबाद येथे कंपन्यांच्या वतीने चाचण्यांचे काम करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कडक भूमिका घेतल्यावर येथील चाचण्या मंदावल्या, पण परदेशांतील चाचण्यांचे आकडे येथे बसून मांडण्याचे काम थांबले नाही. संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि सास किंवा आर या संगणकभाषांचे ज्ञान एवढ्या शिदोरीवर पुण्या-मुंबईचा पदवीधर या क्षेत्रात शिरतो. १९५३ मध्ये वसंत शंकर हुजूरबाजारांनी पुणे विद्यापीठातील ज्या विभागाची धुरा हाती घेतली, तेथील विद्यार्थ्याला पूर्वी अध्यापन, सरकारी नोकरी वा विमा एवढेच मार्ग दिसत. आता हा एक नवा मार्ग त्यात आला आहे.

मात्र या मार्गाचे दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर तक्ते तयार होतात. एकाने लिहिलेला संगणकीय आदेशक्रम दुसरा स्वतंत्रपणे पुन्हा लिहितो आणि दोघांचे आकडे जुळले की तक्ता पुढे जातो. काम चोख, जबाबदारीचे, पण चाचणी कशासाठी आहे हे न कळताही ते वर्षानुवर्षे करता येते. वरच्या मजल्यावर प्रश्न ठरतो : कोणती तुलना करावयाची, कोणता फरक रुग्णाच्या दृष्टीने मोलाचा. भारतीय पदवीधरांपैकी फार मोठा वर्ग पहिल्या मजल्यावरच राहतो. त्याचे कारण गणिताचा अभाव हे नव्हे. प्रश्न मांडण्यासाठी वैद्याशी, कंपनीशी, नियामकाशी वाद घालण्याची आणि ते लेखणीने करण्याची जी तयारी लागते, ती आपला अभ्यासक्रम देत नाही.

वाद घालण्याची गरज अशी, की ज्याच्या औषधाची परीक्षा आहे तोच सामान्यतः परीक्षकाचा पगार देतो. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय एकसूत्रीकरण परिषदेने चाचणीतील संख्याशास्त्रीय कामाची जबाबदारी योग्य शिक्षण व अनुभव असलेल्या संख्याशास्त्रज्ञाकडे असावी असे तत्त्व घालून दिले. मोठ्या चाचण्यांत मधल्या काळात आकडे पाहणारी समिती वेगळी असते व तिचा संख्याशास्त्रज्ञ कंपनीबाहेरचा असतो. कोणत्या रुग्णास काय मिळाले हे त्याला ठाऊक असते, कंपनीतल्याला नसते. एकाच विद्येची दोन माणसे, एक जाणता आणि एक जाणूनबुजून अजाण ठेवलेला, ही योजना मोठी मार्मिक आहे. उलट आपल्या २०१९ च्या नियमांनी नैतिकता समितीत किमान सात सदस्य सांगितले, त्यांत विधिज्ञ व सामान्य नागरिक आवश्यक ठरविले, समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ वा धर्मशास्त्रज्ञ यांचाही विचार केला. संख्याशास्त्रज्ञाचा आग्रह मात्र धरला नाही. रुग्णसंख्या अपुरी आहे हे त्या बैठकीत मग कोण सांगणार?

भाषेच्या अभ्यासकांचा संबंध येतो तो याच ठिकाणी. रुग्णाला द्यावयाचे माहितीपत्रक त्याला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत असले पाहिजे, असे नियम सांगतात. वढूतल्या आईपुढे ते मराठीतच यावयास हवे. भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांत संख्याशास्त्राचाही कोश आहे, पण तो विद्यार्थ्यासाठी आहे, या आईसाठी नव्हे. ‘यादृच्छिक’ हा शब्द अचूक असून तिच्या कानाला परका आहे. ‘चिठ्ठी टाकून’ म्हटले तर अर्थ लागतो, पण देवापुढे कौल लावण्याची सवय असलेल्या समाजात चिठ्ठीने निघालेले उत्तर हे देवाचे उत्तर ठरते. आपल्या मुलाला जे मिळाले तेच त्याच्यासाठी योग्य होते असे तिला वाटू लागते, आणि वाटणीमागे कोणाचाही हेतू नाही ही जी मुख्य गोष्ट सांगावयाची तीच हरवते. ‘नाणे उडवून’ हा पर्याय बरा. पण दोन-एकच्या वाटणीला तोही पुरत नाही. ‘प्रयोग’ म्हणावे तर रंगभूमीवरचा प्रयोग आणि उंदरावरचा प्रयोग या दोहोंच्या मध्ये माणूस सापडतो. ‘चाचणी’ सौम्य आहे, कदाचित गरजेहून अधिक सौम्य. विद्वानांच्या बाजूलाही असाच घोटाळा आहे. ‘सार्थ’ ज्ञानेश्वरी म्हणजे अर्थासह ज्ञानेश्वरी. संख्याशास्त्रातील ‘सार्थ’ फरक म्हणजे केवळ योगायोगाने सहसा न पडणारा फरक. तो रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण असेलच असे नाही. रक्तदाब एका अंशाने उतरविणारे औषध पुरेशा मोठ्या चाचणीत ‘सार्थ’ ठरू शकते.

अन्सारी नगरातील नोंदवहीत प्रत्येक चाचणीला दोन शीर्षके द्यावी लागतात, एक शास्त्रीय व एक सर्वसामान्यांसाठी. नोंदी इंग्रजीत असल्यामुळे दुसरे शीर्षकही इंग्रजीतच असते. शास्त्रीय शीर्षकातील एखादा लांबलचक शब्द वगळून तेच वाक्य पुन्हा लिहिल्याची उदाहरणे तेथे विपुल सापडतात. माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद बहुधा बाहेरच्या अनुवादकाकडे जातो, दुसरा अनुवादक तो पुन्हा इंग्रजीत आणतो, आणि दोन इंग्रजी पाठ जुळले की मराठी पाठ शुद्ध मानला जातो. चाचणीचा आराखडा रचणारा संख्याशास्त्रज्ञ पुण्याचा मराठी भाषक असला, तरी तो मराठी कागद त्याच्या मेजावरून जाईलच असे नाही.